तिकीट काढून बघायची रात्र

गणपतीपासून दिवाळीपर्यंत कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावांत नाचगाण्याच्या रात्री कमी नसतात. एखादे मंडळ, एखादी पतसंस्था किंवा पुढच्या निवडणुकीवर डोळा असलेला पुढारी खर्च उचलतो, मैदानात मंडप पडतो, चौकाचौकांत ‘प्रवेश मोफत’चे फ्लेक्स लागतात आणि माणसांना उभे राहायला जागा उरत नाही. मग या गर्दीकडे बोट दाखवून लोककला जिवंत असल्याचे सांगितले जाते. मला ते पटत नाही. सणासुदीची संगीत-नृत्याची रात्र गावाची स्वतःची व्हायची असेल, तर ती बंदिस्त नाट्यगृहात, हाडामांसाच्या वादकांच्या साथीने आणि प्रेक्षकांनी काढलेल्या तिकिटावर झाली पाहिजे. या तिन्हींत तिकीट पहिले, कारण बाकीच्या दोन गोष्टी त्याच्या मागून येतात.

लावणी रंगते ती नाचणारी आणि ढोलकीवाला यांच्या देवाणघेवाणीतून. त्याची नजर तिच्या पावलांवर असते. तिने जोर धरला की तो लय चढवतो. ती अदाकारीसाठी थांबली की हात आवरून वाट बघतो आणि नेमक्या तिहाईवर दोघे एकदम समेवर येतात. मागून झीलकऱ्यांचा सूर, तुणतुणे, पेटी हे सगळे त्या क्षणी काय घडते आहे ते ऐकत वाजत असते. फुकटच्या कार्यक्रमात पहिला गळतो तो हा ताफा. आयोजकाचा हिशेब सरळ आहे. वादक आणायचे तर त्यांची बिदागी, जेवण, गाडी. पेन ड्राइव्हवरचा ट्रॅक आणला तर यातले काहीच नाही. ट्रॅक ठरलेल्या मिनिटाला संपतो, कलावतीला एक कडवे पुन्हा घ्यावेसे वाटले तरी थांबत नाही. शिवाय दोन गाण्यांच्या मध्ये माइक पाहुण्यांकडे जातो, शाल-श्रीफळाचे सत्कार लांबतात, पायात चाळ बांधलेली बाई विंगेत ताटकळत उभी राहते. प्रेक्षक हे सगळे निमूट सोसतो, कारण पदरचे काही मोजलेले नसल्यामुळे ‘ढोलकी कुठे गेली’ असे विचारायचा हक्क त्याला वाटतच नाही. ज्याचे पैसे, त्याची सोय बघितली जाते. यात आयोजकाचा दुष्टपणा नाही, व्यवहारच तसा आहे.

हा व्यवहार जुना आहे आणि कोपरगावाला तो परका नाही. राघोबादादांचा शेवट इथेच १७८३ मध्ये झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या लहानपणाची काही वर्षेही याच गोदाकाठी नजरकैदेत गेली. पुढे तोच बाजीराव पेशवा झाल्यावर होनाजीसारख्या शाहिराला आश्रय मिळाला. दरबारी आश्रयाने लावणीला मोठे दिवस दाखवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो आश्रयही गेला. सांगलीतही निराळे घडले नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये पहिला खेळ केला तो चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय आटला, भावे मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. यजमान गेल्यावर मराठी नाटक आपल्या पायांवर उभे राहिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तमाशाने तर दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत: दसऱ्यापासून तंबूत तिकिटावर खेळ आणि चैत्र-वैशाखात नारायणगावच्या राहुट्यांमध्ये ठरणाऱ्या जत्रांच्या सुपाऱ्या. विठाबाई नारायणगावकर किंवा संगमनेरच्या कांताबाई सातारकर यांचे नाव घेऊन लोक तंबूच्या दाराशी रांगा लावत. वग रंगला नाही तर तेच लोक आरडाओरडा करून तोंडावर सांगत, आणि फडाला दुसऱ्या दिवशी सुधारावे लागे.

यावर पहिला आक्षेप येतो तो गरिबांचा. तिकीट लावले तर ऊसतोड मजूर, हमाल, मोलकरीण बाहेर राहतील. आक्षेप मनापासूनचा आहे. पण तंबूतला तमाशा कुणी पोसला? शेतमजुरांनी आणि गिरणीकामगारांनीच, पुढच्या-मागच्या जागांचे वेगवेगळे दर मोजून. सिनेमाला जाणारा माणूस लावणीला पैसे देणार नाही, हे आपण त्याच्या वतीने परस्पर ठरवतो. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीही माफ आहे, तेव्हा दर आवाक्यात ठेवता येतात. आणि बाहेर कोण राहते हे मोजायचेच, तर आजच्या मोफत मैदानात बायका किती असतात तेही मोजावे. धक्काबुक्कीच्या गर्दीत रात्री उशिरा आई आणि मुलगी येत नाहीत. आकडा लिहिलेली खुर्ची आणि सुटायची ठरलेली वेळ असली, तर येतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कीर्तन, भारूड, जत्रेतला तमाशा हे सगळे फुकटच होते, मग तिकीट ही शहरी सवय नव्हे का? जत्रेला तिकीट नव्हते, पण घरटी वर्गणी होती. कीर्तनातही आरतीच्या ताटात ज्याचे त्याने पैसे टाकायचे असतात. ऐकणारा आणि देणारा एकच होता, म्हणून गावकरी चावडीवर बसून कोणता फड आणायचा यावर भांडत. ते भांडण म्हणजे गावाची रसिकता होती. आज फ्लेक्सवरचा फोटो ज्याचा, तो एकटाच निवड करतो.

तंबूचे फड आज कर्जात आहेत, हेही खरे. प्रेक्षक घटले की तिकीट कलावंताला वाचवत नाही. म्हणूनच छप्पर गावाने द्यावे, असे माझे म्हणणे आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ ची सवलत राज्य सरकार देऊ शकते. सभागृहाच्या आतल्या आवाजाला ही बंदी नाही. म्हणजे मैदानात पोलिसांच्या शिट्टीवर आटोपणारी बैठक बंदिस्त नाट्यगृहात सावकाश चढू शकते, आणि तिथे ढोलकीला भिंतीएवढ्या स्पीकरांची गरजही पडत नाही. नगरपालिकांनी अशा नाट्यगृहाचे भाडे एकरकमी न घेता तिकीटविक्रीचा ठरावीक हिस्सा म्हणून घ्यावे, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा सगळा भार कलावंतावर पडणार नाही. पहिली दोन-तीन वर्षे खुर्च्या रिकाम्या राहतीलच. तरी कोजागरीची म्हणा, दिवाळी पाडव्याची म्हणा, एक रात्र दरवर्षी ठरलेली असावी आणि तिकिटे आठवडाभर आधी बाजारपेठेतल्या दुकानांत मिळावीत.