‘परंतु’ कोणासाठी?



न्यायालयाच्या आवारात ‘कॅव्हेट’ हा शब्द आपल्या कानी पडला असेल. तो मूळ लॅटिन असून ‘त्याने सावध असावे’ असा त्याचा अर्थ आहे. १९७६ च्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम १४८-अ आले. आपले म्हणणे ऐकल्यावाचून आपल्याविरुद्ध आदेश होऊ नये, म्हणून केलेला हा अर्ज ९० दिवस प्रभावी राहतो. न्यायालयाबाहेर मात्र या शब्दाने विधानाला जोडलेली सावधगिरीची पुस्ती सूचित होते. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ ही तिची आपल्या नित्य परिचयाची रूपे.

अशी पुस्ती ही सत्याची सेवा की पळवाट?

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाचे भाषांतर तपासताना मला एक मोह झाला होता. पत्नीने पतीपासून वेगळे होऊ नये, ही प्रभूची आज्ञा आहे, असे पौल दहाव्या वचनात सांगतो. बाराव्या वचनात, विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराविषयी बोलताना, हे प्रभूचे नव्हे तर माझे सांगणे आहे, असे तो स्पष्ट करतो. कुमारिकांविषयी तर आपल्याजवळ प्रभूची आज्ञा नाही, केवळ अभिप्राय आहे, हेही तो मान्य करतो. या पुस्त्या थोड्या पुसट केल्या तर उपदेश अधिक भारदस्त होईल, असे मला वाटले. पण प्रेषिताने जे प्रामाणिकपणे वेगळे ठेवले, ते एकत्र करण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी ते शब्द जसेच्या तसे राखले.

लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी एक मनुष्य प्रभूला अनुसरण्यास सिद्ध होतो. परंतु आधी त्याला घरच्यांचा निरोप घ्यायचा आहे. पौलाची पुस्ती ऐकणाऱ्याच्या विवेकाला जपते. या मनुष्याची पुस्ती बोलणाऱ्यालाच जपते.

आजाऱ्याच्या खाटेपाशी उभे राहून आपण ‘देव तुम्हाला खात्रीने बरे करील’ असे म्हणतो. ‘परंतु’ उच्चारला तर आपला विश्वास उणा दिसेल, ही भीती असते. शद्रख, मेशख व अबेदनगो यांनी ती बाळगली नाही. आमचा देव सोडविण्यास समर्थ आहे. पण त्याने सोडविले नाही, तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही, असे त्यांनी राजाला सांगितले. त्या ‘तरी’ने त्यांचा बचाव झाला नाही, तो उच्चारून ते भट्टीत गेले.

म्हणून, वाचकहो, पुढच्या वेळी ‘परंतु’ ओठांवर येईल, किंवा ओठांतच अडेल, तेव्हा आपण कोणाला वाचवीत आहोत, हे प्रभूसमोर स्वतःला विचारू या.