लेखनिक

परीक्षा जवळ आल्या की अंध विद्यार्थ्यांची एक वेगळीच धावपळ सुरू होते. अभ्यास झालेला असतो, ब्रेलमधून, ध्वनिमुद्रित पुस्तकांतून. शोध असतो तो पेपर लिहून देणाऱ्या लेखनिकाचा. मी पदवीधर, म्हणून एम.ए.च्या मुलांसाठी लिहिते. लोक विचारतात, यात तुम्हाला मिळतं काय?

आधी काम सांगते. प्रश्न सावकाश वाचायचा, म्हणतील तितक्यांदा वाचायचा. विद्यार्थी सांगेल ते, त्याच्याच शब्दांत उतरवायचं. उत्तर चुकतंय असं वाटलं तरी आवाजात ते उमटू द्यायचं नाही. हेच सगळ्यात अवघड! आपल्याला येतं ते सांगून टाकायची केवढी सवय असते आपल्याला. एका मुलीनं पेपरआधीच बजावलं होतं, ‘ताई, मी सांगेन तेवढंच हं.’ तिचा तो ठामपणा मला फार आवडला. अशा मुलांसाठी मी पुन्हा पुन्हा जाते. दया घेऊन येणारं माणूस त्यांना नकोच असतं.

केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अंध विद्यार्थ्यांना तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात. तीन तासांचा पेपर चार तास चालतो. विद्यार्थ्यानं स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्यापेक्षा कमी लागतं. म्हणून दहावीच्या मुलांना खालच्या वर्गातली मुलंच हवी असतात. तुमच्या घरी आठवी-नववीतलं कुणी असेल, तर जवळच्या अंधशाळेत आजच विचारा. ऐनवेळी लेखनिक आजारी पडतात, तेव्हा राखीव नावंही लागतात.