नातवंडं जवळ हवीत

आजीला नातवंडं जवळ हवी होती. साऱ्या गोष्टीचं मूळ एवढंच.

आजीचं नाव डोना अ‍ॅडेलसन. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या दक्षिणेला, मायामीच्या थोडं वर कोरल स्प्रिंग्ज नावाचं शहर आहे, तिथलं हे सुखवस्तू ज्यू कुटुंब. नवरा दंतवैद्य, मुलगा चार्ली हिरड्यांचा सर्जन, दवाखाना घरचाच. लेक वकील झाली आणि २००६ मध्ये तिचं लग्न डॅन मार्केलशी झालं. डॅन मूळचा कॅनडातल्या टोरांटोचा, हार्वर्डमध्ये शिकलेला, आणि टॅलाहासीच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात कायद्याचा प्राध्यापक. टॅलाहासी ही राजधानी खरी, पण राज्याच्या पार उत्तरेला. माहेरहून गाडीनं निघालं तर सहा-सात तास. जोडप्याला दोन मुलगे झाले. त्यांची नावं इथे लिहीत नाही. लेकीचंही लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्याबद्दल तिच्यावर कधीच आरोप ठेवला गेला नाही आणि आपला त्यात काही हात नव्हता असंच ती सांगत आली आहे.

संसार सहा वर्षं चालला. २०१२ च्या सप्टेंबरात डॅन बाहेरगावाहून परतला तेव्हा बायको-मुलं घरात नव्हती, बरंचसं सामान गेलेलं, आणि पलंगावर घटस्फोटाची कागदपत्रं ठेवलेली. पुढच्या उन्हाळ्यात रीतसर फारकत झाली. मुलांचा ताबा दोघांत निम्मा-निम्मा.

तिला मुलांना घेऊन माहेरी जायचं होतं. फ्लोरिडाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर मुलाला घेऊन पन्नास मैलांपलीकडे कायमचं राहायला जाता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. तिनं परवानगी मागितली. २०१३ च्या जूनमध्ये कोर्टानं ती नाकारली. मुलांचा बाप या गावात आहे, तर मुलंही या गावात.

हा निकाल कुणाला कडू लागला असेल तर तो कोरल स्प्रिंग्जमध्ये. आपल्याकडे म्हणतात तशी नातवंडं म्हणजे दुधावरची साय, आणि ती सातशे किलोमीटरवर अडकून पडलेली. डोना लेकीला ईमेल धाडत होती. पुढे खटल्यात ते वाचून दाखवले गेले. जावयाला दहा लाख डॉलर देऊ करावेत, घरच्यांनी ते वाटून भरावेत, म्हणजे तो मुलांना जाऊ देईल, हा एक बेत. डॅन धर्म पाळणारा ज्यू होता, तेव्हा मुलांना कॅथलिक करते अशी धमकी त्याला द्यावी, हा दुसरा. स्वतः ज्यू असलेली आजी ज्यू नातवांच्या धर्माचा सौदा मांडत होती. यात कुठे काही खटकतंय असं त्या पत्रांत तरी दिसत नाही.

ज्यू घरांत राजा शलमोनाची गोष्ट परकी नाही. एका मुलावर दोन बाया हक्क सांगतात. राजा म्हणतो, तलवार आणा, मुलाचे दोन तुकडे करा, एकेक वाटून घ्या. खरी आई किंचाळून म्हणते, नको, तिलाच देऊन टाका. जातककथांतही ही गोष्ट आहे. तिथे महोसध पंडित जमिनीवर रेघ मारून मुलाला ओढायला सांगतो, आणि मूल रडू लागताच खरी आई हात सोडते. लहानपणी ऐकलेल्या या गोष्टी आपल्याला न्यायाचा कळस वाटतात. पण त्यात एक सोय करून ठेवलेली असते: दोघींपैकी एक खोटी आहे. कुटुंब न्यायालयात येणाऱ्या दोघांपैकी सहसा कुणीच खोटं नसतं. आई खरी, बापही खरा. दोघांनीही हात सोडू नये हेच मुलाच्या हिताचं. मग न्यायाधीशाला तलवार उचलून भागत नाही, कॅलेंडर काढावं लागतं. सोमवार-मंगळवार याचे, बुधवार-गुरुवार तिचे, नाताळची सुट्टी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. रुक्ष काम आहे, त्याच्या कथा होत नाहीत, पण लाखो मुलं त्यावर सुखानं वाढतात.

जुन्या गोष्टीत आणखी एक उणीव आहे. दरबारात त्या दोन बायांच्या मागे त्यांचं कुणीच उभं नसतं. ना आजी, ना मामा, ना पैशाची पिशवी. खऱ्या भांडणात मात्र नवरा-बायको दमून जरा टेकले की मागची माणसं पुढे सरकतात. त्यांना वकिलाची फी मोजायची असते, मुलांना झोपवायचं नसतं. सोमवारी शाळेच्या फाटकाशी मुलाचं दप्तर दुसऱ्याच्या हाती द्यायचं असतं आणि तेवढ्यापुरतं का होईना, सभ्यपणे बोलायचं असतं, ते फक्त आईबापांना. मागच्यांना तसली सवयच लागत नाही, म्हणून त्यांचा राग ताजाच राहतो.

डॅन संत होता असं नाही. पैशांवरून, कागदपत्रांवरून तोही कोर्टात भांडत होता. २०१४ मध्ये त्यानं आणखी एक अर्ज केला. आजी मुलांपुढे आपल्याबद्दल वाईटसाईट बोलते, तेव्हा तिला नातवांसोबत एकटं सोडू नये, भेट कुणाच्या तरी देखत व्हावी, अशी त्याची मागणी. भेटच नको असं तो म्हणत नव्हता. तो अर्ज निकाली निघाला नाही.

घरात एक विनोद चालायचा. बहिणीच्या घटस्फोटाची भेट म्हणून चार्लीनं तिला टीव्ही घेऊन दिला होता, आणि तो सांगायचा, मारेकरी भाड्यानं घेण्याचा विचार केला होता, पण टीव्ही स्वस्त पडला. अशा विनोदाला घरात कुणीतरी एकदा गप्प बसवावं लागतं.

चार्लीची तेव्हाची मैत्रीण कॅथरिन मॅग्बानुआ. तिच्या मुलांचा बाप सिगफ्रेदो गार्सिया. गार्सियाचा बालमित्र लुईस रिव्हेरा, मायामीतल्या एका टोळीचा म्होरक्या. या साखळीनं सुपारी दक्षिणेकडून उत्तरेकडे गेली. रिव्हेरानं नंतर साक्ष दिली की सगळे मिळून लाख डॉलर ठरले होते. जावयाला देऊ करायचे होते ते दहा लाख.

१८ जुलै २०१४, शुक्रवार. डॅननं मुलांना बालवाडीत सोडलं, व्यायामशाळेत गेला, फोनवर बोलत घरी परतला. दारात कुणी अनोळखी माणूस दिसतोय, असं त्यानं पलीकडच्याला सांगितलं, आणि बोलणं तिथेच तुटलं. गॅरेजमध्ये गाडीत बसलेला असतानाच त्याच्या डोक्यात दोन गोळ्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४१.

बोधकथेत पापाचा घडा लगेच भरतो. इथे तसं झालं नाही. आजीची इच्छा आधी पुरी झाली. हत्येनंतर काही दिवसांतच मुलांची आई त्यांना घेऊन दक्षिण फ्लोरिडात राहायला आली. पन्नास मैलांची अट घालायला आता बाप उरला नव्हता. पुढे मुलांचं आडनाव मार्केलचं अ‍ॅडेलसन झालं. आजीला वाढदिवस मिळाले, सुट्ट्या मिळाल्या, नऊ वर्षं मिळाली. हे वाचताना राग येतो, आणि यायला हवा. गुन्ह्यानं काहीच साधत नाही असं मुलांना शिकवणं सोपं आहे. साधतं, बऱ्याचदा साधतं, आणि म्हणूनच माणसं त्याच्या वाटेला जातात.

तपास फिक्या हिरव्या टोयोटा प्रियस गाडीपासून सुरू झाला. शेजाऱ्यानं ती पाहिली होती, शहर बसच्या कॅमेऱ्यांत ती दिसली होती, टोलच्या नोंदींत तिचा माग होता. ती मायामीत भाड्यानं घेतलेली निघाली. दोन वर्षांत पोलीस गार्सिया-रिव्हेरापर्यंत पोचले, पण पैसे कुणाचे हे सिद्ध करायचं राहिलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये एफबीआयच्या एका वेषांतर केलेल्या माणसानं मायामी बीचवर डोनाला घराबाहेर गाठलं, हत्येच्या बातमीचा कागद हातात दिला आणि तुरुंगातल्या एकासाठी पाच हजार डॉलर मागितले. ज्याच्या जावयाचा खून झाला आहे आणि खुनी मोकळे आहेत, अशा कुणीही पोलिसांना फोन लावला असता. डोनानं चार्लीला लावला. सगळे फोन ऐकले जात होते.

तरीही पुढची वाट लांबलचक. रिव्हेरानं गुन्हा कबूल केला, त्याला १९ वर्षं. गार्सियाला २०१९ मध्ये जन्मठेप. मॅग्बानुआच्या पहिल्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यात, २०२२ मध्ये, तिलाही जन्मठेप. चार्लीनं आपणच खंडणीचे बळी असल्याचा बचाव केला. ६ नोव्हेंबर २०२३ ला ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. आठवडाभरातच डोना नवऱ्यासोबत मायामी विमानतळावर उभी होती. तिकिटं फक्त जाण्याची, दुबईमार्गे व्हिएतनामची. व्हिएतनामशी अमेरिकेचा गुन्हेगार हस्तांतरणाचा करार नाही. विमानतळावरच तिला अटक झाली. ज्या नातवंडांना सातशे किलोमीटरवर सोडवत नव्हतं, त्यांना अर्ध्या पृथ्वीपलीकडे सोडून ती निघाली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्युरीनं तिला दोषी ठरवलं आणि ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी, जन्मठेप झाली. आपण निर्दोष आहोत असं तिनं शिक्षेच्या वेळीही सांगितलं. तिच्या नवऱ्यावर आरोप नाही.

डॅनचा अभ्यासाचा विषय शिक्षा हाच होता. माणसाला शिक्षा का करायची, किती करायची. २००९ मध्ये दोन सहलेखकांबरोबर त्याचं पुस्तक आलं, गुन्हेगारी कायद्यानं रक्ताच्या नात्याला किती सवलत द्यावी याबद्दलचं. मुलानं गुन्हा केला तर आईनं त्याला लपवणं माफ करावं का? मुलं लहान आहेत म्हणून आईबापांची शिक्षा हलकी करावी का? असे त्यातले प्रश्न. घरच्या माणसावरचं प्रेम गुन्ह्याची सबब होऊ शकतं का, याचा विचार करणारा माणूस असल्या प्रेमाच्या हातून मेला, असं म्हटलं की वाक्य छान जुळतं. पण ते अन्यायाचं आहे. त्याला प्रेमानं मारलं नाही. आजी नातवांवर माया करत होती हे मी नाकारत नाही. पण माया करणाऱ्याला मुलाच्या डोळ्यांनी निदान एकदा तरी बघावं लागतं, आणि लहान मुलाला त्याचा बाप हवा असतो. कोर्टात हरल्यावर तिथे जे उरलं होतं ते हरण्याचं शल्य होतं. जगातल्या कितीतरी आज्या सातशे किलोमीटरवरून फोनवर नातवांना गोष्टी सांगतात आणि दिवाळीला चकल्यांचा डबा कुरिअरनं पाठवतात. त्यांना हे अंतर आवडतं असं थोडंच आहे?

दुसरी आजी टोरांटोत होती. रूथ मार्केल. मुलगा गेला, आणि पुढे नातवंडांची भेटही बंद झाली. फ्लोरिडाच्या कायद्यात आजी-आजोबांना भेटीचा हक्क जवळजवळ नव्हताच. रूथबाई वर्षानुवर्षं आमदारांची दारं झिजवत राहिल्या, त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि २०२२ मध्ये राज्यात ज्याला मार्केल कायदा म्हणतात तो मंजूर झाला. मुलाच्या एका पालकाच्या मृत्यूला दुसरा पालक जबाबदार आहे असं न्यायालयात ठरलं, तर मेलेल्या पालकाच्या आईबापांना नातवंडांना भेटण्याचा हक्क मागता येतो. त्यांच्या नातवांच्या आईवर कुठला आरोपच नाही, त्यामुळे त्यांच्याच नावाच्या या कायद्याची अट त्यांच्या घराला लागू पडत नाही. तरी तो व्हावा म्हणून त्या झटल्या. एकीनं आपल्या नातवंडांसाठी दुसऱ्याच्या मुलाचा जीव घेतला असं ज्युरीनं म्हटलं. दुसरीनं दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी कायदा करून घेतला.

या गोष्टीत आणखी दोन मुलं आहेत. ती गार्सिया आणि मॅग्बानुआ यांची. बाप जन्मठेपेवर, आई जन्मठेपेवर, आणि फ्लोरिडात जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सुपारीच्या पैशात आईबापांनी हात घातला तेव्हा तीही लहानच होती. खुनानंतर त्यांच्या आईला अ‍ॅडेलसनांच्या दवाखान्यातून पगार सुरू झाला. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार तिथे तिनं काही काम केलेलं नव्हतं. त्या चेकवर सही डोनाची असायची.