दारात थांबणेही सेवाच

आजाऱ्यांना भेटणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांत गणले आहे, आणि आपल्या धर्मग्रामात ही रीत अजून टिकून आहे. कुणी हॉस्पिटलात आहे असे कळले की आपण फळे घेऊन निघतो, खाटेशी बसतो, कपाळावर हात ठेवून प्रार्थना करतो. आजाऱ्यालाही बरे वाटते. परंतु काही आजारांत सिस्टर आपल्याला दारातच अडवते. रक्ताचा कर्करोग असतो, अस्थिमज्जेने काम थांबवलेले असते किंवा केमोथेरपी नुकतीच झालेली असते. आपण परत फिरतो आणि वाटेत म्हणतो, "दोन मिनिटे भेटू दिले असते तर काय बिघडले असते?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात एक मोठा नैतिक प्रश्न आहे. प्रेमाने आलेल्याला ज्ञानाने अडवावे का?

आधी, बिघडते काय ते पाहू. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर प्रथम धावून जातात. केमोथेरपीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत कमी होतात. त्या ५०० च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो. जखमेत जो पू होतो तो मुख्यतः याच पेशींचा. पेशीच नसल्या तर पू दिसत नाही, सूजही फारशी येत नाही. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण असते. म्हणून तापमान १००.४ अंश फॅरनहाइटवर गेले की अशा वॉर्डातली सिस्टर धावपळ करते, कारण अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवे. घरच्यांनी मायेपोटी परस्पर तापाची गोळी दिली, तर ती एकुलती एक खूणही पुसली जाते.

जंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच तोंडातले किंवा आतड्यातले असतात, हेही खरे. म्हणून सिस्टर रोज त्याचे तोंड तपासते, मऊ ब्रश वापरायला सांगते, सलाईनच्या नळीची जागा पाहते. पण आपला सर्दी-खोकला आणि आपले न धुतलेले हात ही भर आपण घालतो, आणि ती टाळणे आपल्या हाती आहे.

आपले हात अपाय करतील हे मानायला मन तयार होत नाही. ही गोष्ट नवी नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तरीही अनेक डॉक्टरांनी ते मानले नाही. ते दुष्ट नव्हते. जीव वाचवायला आलेले आपलेच हात मृत्यू घेऊन येतात, हे त्यांना सोसवले नाही.

रक्ताच्या बाबतीत तर याहून विलक्षण उदाहरण आहे. भाऊ आजारी पडला की सख्खा भाऊ म्हणतो, "माझे रक्त घ्या." याहून मोठे प्रेम कोणते? पण जवळच्या नातलगाच्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की त्याचे शरीर त्यांना परके म्हणून ओळखत नाही. त्या आत रुजतात आणि त्याच्याच अवयवांवर हल्ला करतात. हे क्वचित घडते, पण घडले तर बहुधा जिवावर बेतते. म्हणून नातलगाचे रक्त देण्यापूर्वी त्यावर किरणांचा मारा करतात. भावाच्या प्रेमात खोट नसते, पण प्रेम शुद्ध आहे एवढ्याने रक्त निर्धोक होत नाही.

मग ज्ञान श्रेष्ठ आणि प्रेम दुय्यम, असे म्हणायचे का? तसेही नाही. नुसते आकडे जाणणारा माणूस दार लावून घेईल आणि आपले काम झाले असे समजेल. आत पडलेला माणूस मात्र आठवडेच्या आठवडे भिंतीकडे बघत राहील. आपल्यातही काही जण "इन्फेक्शन होईल" म्हणून घरी राहतात, आणि खरे कारण आजाराची भीती हे असते. चांगली परिचारिका या दोन्ही चुका टाळते. रक्त चढवायला सुरुवात झाली की ती पहिली पंधरा मिनिटे रुग्णावर बारीक नजर ठेवते, कारण जीवघेणी रिॲक्शन बहुधा तेव्हाच सुरू होते. थंडी वाजते का, कंबर दुखते का, असे विचारत असताना ती त्याची सोबतही करत असते. तिथे तिचे ज्ञान आणि तिची माया वेगळी काढता येत नाहीत.

आम्हांला वाटते, खरी कसोटी इथेच आहे. आपण भेटीला जातो ते आजाऱ्याला गरज आहे म्हणून, की आपण गेलो नाही तर लोक काय म्हणतील म्हणून? केवळ तोंड दाखवून यायचे असेल तर दारात अडवल्याचा राग येतो. त्याचे भले हवे असेल तर आपण सिस्टरलाच विचारतो, "मग आम्ही काय करू?"

करण्यासारखे पुष्कळ आहे. ठरल्या वेळी रोज फोन करता येईल. त्याच्या घरच्यांना जेवणाचा डबा पोहोचवता येईल, मुलांचा अभ्यास घेता येईल. भेटायची परवानगी मिळाली, तर सर्दी असताना जाऊ नये आणि आत शिरण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. आणि रक्तदान करावे. प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणून वर्षातून एका शिबिराने भागत नाही. निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी आणि स्त्रिया दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकतात. ते कुणाला मिळाले हे आपल्याला कळणार नाही. त्यालाही आपले नाव कळणार नाही. पण ज्या दारात आपल्याला थांबवले गेले, तशाच एखाद्या दारातून ते आत गेलेले असेल.