परीक्षा, नवस आणि सबुरी

परीक्षेला बसणाऱ्या मुलाचे मन कशाने स्वस्थ करावे, यशाची हमी देऊन की यशाचा विचारच बाजूला ठेवायला शिकवून, हा धर्मविचारातला जुनाच पेच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात त्याची दोन उत्तरे भेटतात, एक शिर्डीत आणि दुसरे नेवाशात.

शिर्डीचे उत्तर एका परीक्षार्थीच्या कथेत आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या २९व्या अध्यायात वांद्र्याच्या तेंडुलकर कुटुंबाची हकीकत येते. मुलगा बाबू वैद्यकीच्या परीक्षेसाठी रात्रंदिवस अभ्यास करत होता. ज्योतिषांनी पत्रिका पाहून सांगितले की यंदा ग्रह अनुकूल नाहीत, पुढच्या वर्षी बसावे. मुलाने हाय खाल्ली. आई सावित्रीबाई शिर्डीला गेल्या तेव्हा त्यांनी ही चिंता साईबाबांच्या कानावर घातली. बाबांनी मुलासाठी निरोप दिला तो असा : पत्रिका गुंडाळून ठेवावी, अभ्यास चालू ठेवावा, शांत मनाने परीक्षेला बसावे, यंदा पास होशील.

कथेचा खरा गाभा यापुढे आहे, आणि सांगताना तोच बहुधा गाळला जातो. लेखी पेपर चांगले जाऊनही बाबूच्या मनात शंका शिरली. गुण कमी पडणार असे धरून तो तोंडी परीक्षेला जाईना. शेवटी परीक्षकानेच दुसऱ्या विद्यार्थ्याकरवी कळवले की लेखी परीक्षेत तो उत्तीर्ण आहे, तोंडीला यावे. मग तो गेला आणि पास झाला.

म्हणजे साक्षात बाबांनी दिलेली हमीसुद्धा पेपर संपेपर्यंतच पुरली. हमी निकालाला बांधलेली असते. निकालाबद्दल शंका आली की तीही डळमळते. निरोपाचा उरलेला भाग, म्हणजे भाकिते बाजूला सारून अभ्यासाला लागणे, मात्र शंकेने खोटा पडत नाही. भक्तांच्या तोंडी ‘पास होशील’ एवढेच राहिले, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.

नेवाशाचे उत्तर हमीच मागत नाही. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवरची टीका सांगितली. दुसऱ्या अध्यायात फळाची आस सोडून कर्म करण्याचा जो उपदेश आहे, त्याचा त्यांनी लावलेला अर्थ व्यवहाराच्या फार जवळचा आहे : हाती घेतलेले काम तडीस गेले तर फार हुरळू नये, काही कारणाने अर्धवट राहिले तर तळमळू नये.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की गुणांची आस नसेल तर मूल पुस्तक उघडेल कशाला? हा आक्षेप श्लोक अर्धाच वाचतो. फळाचा हेतू धरू नये, असे सांगणारा तोच श्लोक कर्म न करण्याचीही आसक्ती नको, असे बजावतो. अभ्यास टाळण्याला गीतेत कुठेच आधार नाही. दहावीच्या गुणांवर अकरावीचा प्रवेश ठरतो हेही खरेच. पण पेपर लिहिताना त्या प्रवेशाचा विचार करून समोरचे गणित सुटत नाही.

या कसोटीवर नवस अडचणीचा ठरतो. मुलगा पास झाला तर अमुक करीन, असे आई बोलते तेव्हा तिची काळजी तेवढ्यापुरती हलकी होते. पण नवस मुलाच्या कानावर गेला की त्याच्यावर पेपरासोबत देवाचे देणेही चढते. नापास झाल्यास आपल्यामुळे आईचा नवस फुकट गेला, ही टोचणी वेगळीच. उदीचे तसे नाही. परीक्षेच्या सकाळी कपाळाला उदी लावणे, हातावर दही-साखर ठेवणे, देवाच्या आणि थोरांच्या पाया पडून निघणे यात कसलीही अट नसते; घरचे पाठीशी आहेत एवढेच मुलाला कळते. श्रद्धेचा हा भाग नेवाशाच्या शिकवणीशी बेबनाव करत नाही.

पेपर सुटल्यावर काय करावे, याबाबत बाबूची कथा शिकवणाऱ्यांनी आणि पालकांनी नीट वाचावी. तो ढासळला तो लेखी आणि तोंडी यांच्या मधल्या दिवसांत. दारातच प्रश्नपत्रिका हातात घेऊन ‘किती मार्कांचं सोडवलंस?’ असा हिशेब मांडणारे घर तोच काळ ओढवून आणते. झालेल्या पेपरातले आता काही बदलत नाही. पुढचा पेपर मात्र अजून मुलाच्या हातात असतो, आणि एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षाही असते. परीक्षकाने बाबूला शब्दांनी समजावत बसण्याऐवजी पुढच्या परीक्षेला बोलावले, आणि तेवढ्याने काम झाले.