ठेचा, शिळी भाकरी आणि गीतेचा १७ वा अध्याय



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ७ ते १०. सात्त्विक, राजस आणि तामस आहार.

हे चार श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहेत, निदान रील्समधून तरी. रसाळ, स्निग्ध, मनाला प्रसन्न करणारं अन्न सात्त्विक माणसाला आवडतं. फार तिखट, खारट, आंबट, कोरडं, जळजळणारं ते राजस माणसाला. आणि शिजून प्रहर उलटलेलं, चव गेलेलं, शिळं, उष्टं, अपवित्र असं अन्न तामस माणसाला प्रिय असतं. अर्थ सरळ आहे. पण मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, आणि शेगाव डोळ्यासमोर ठेवून हे श्लोक वाचले की अडखळायला होतं.

कारण आपल्या महाराजांची पहिली ओळखच उष्ट्या पत्रावळीवरची आहे. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली, पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि महाराज त्यातली भाताची शितं वेचून खात होते. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांनी ते पाहिलं. त्यांनी पक्वान्नांचं भरलेलं ताट आणून दिलं, तर महाराजांनी सगळं एकत्र कालवलं आणि खाल्लं. पाणी आणेपर्यंत तर ते जनावरांसाठी ठेवलेलं पाणी पिऊन मोकळे!

आता श्लोकातली यादी घ्या आणि टिक करत चला. उच्छिष्ट? हो. चंदू मुकिनाच्या घरी उतरंडीत पडून राहिलेले कान्होले महाराजांनी मागून घेतले, म्हणजे पर्युषित? तेही हो. आणि प्रकटदिनाला आपण घरोघरी नैवेद्य कशाचा दाखवतो? पिठलं-भाकरी, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा, हिरवी मिरची. तिखट हो, कोरडं हो, जळजळणारं तर विचारूच नका 😄

मग प्रश्न असा की गीता चुकली का? की महाराजांनी ती बाजूला ठेवली? मला वाटतं दोन्ही नाही. आपण श्लोक ज्या दिशेनं वापरतो ती दिशा चुकते.

सातवा श्लोक पुन्हा नीट वाचा. तिथला महत्त्वाचा शब्द आहे ‘प्रिय’. कोणाला काय आवडतं, त्याबद्दल भगवंत बोलतायत. म्हणजे चर्चा माणसाच्या ओढीची आहे. मला आज काय खावंसं वाटतंय, आणि त्यावरून माझं मन सध्या कुठं आहे, हे तपासायला दिलेला हा आरसा आहे. रात्री अकराला ऑफिसचं काम संपल्यावर अॅपवर बोट फिरवताना आरसा स्वतःसमोर धरला तर तो भरपूर काही दाखवतो. आपण मात्र तो आरसा समोरच्याच्या ताटावर रोखतो.

त्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझ्या एका मित्रानं दोन वर्षांपूर्वी कांदा-लसूण सोडलं. नियम चांगला, मनापासून घेतलेला. दिवाळीत तो गावी गेला. आईनं आवडीचं म्हणून पिठलं टाकलं होतं, नेहमीप्रमाणे कांदा घालून. त्यानं ताट सरकवलं आणि ‘हे तामसी आहे’ म्हणाला. माउली काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याचं वेगळं केलं, आणि स्वतःचं ताट घेऊन आत जाऊन जेवायला लागली. मुलासमोर आपलं जेवण जेवायची तिला लाज वाटायला लागली होती.

आता सांगा, त्या घरात तामस नेमकं काय होतं?

नियमाला माझा विरोध नाही. आपल्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी सोडणारी घरं कितीतरी आहेत. पण त्याच्या आधी, आषाढ शुद्ध नवमीला, तीच घरं कांदेनवमी करतात. कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, सगळं हौसेनं! म्हणजे कांदा सोडणारा माणूस कांद्याचा द्वेष करत नव्हता. काही काळ जिभेला लगाम, एवढंच. आणि हो, या चार श्लोकांत कांदा किंवा लसूण हा शब्द कुठंच नाही.

अजून एक गंमत. दहाव्या श्लोकातला पहिलाच शब्द ‘यातयाम’, म्हणजे शिजून एक प्रहर, साधारण तीन तास उलटलेलं. हे अक्षरशः लावायचं तर सकाळी आठला भरून दुपारी दीडला उघडलेला आपला प्रत्येक डबा तामस ठरतो. तुमचा, माझा, आणि आमच्याकडं कापूस वेचायला, सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बाईचाही. ती पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापते, फडक्यात ठेचा-कांद्यासोबत बांधते आणि दुपारी वावरात झाडाखाली सोडते. शेजारी कोणी दिसलं की ‘थोडकसं खाऊन घे नं बापू’ म्हणत अर्धी भाकरी पुढे करते. ज्या अर्थानं हे जेवण तामस ठरेल, तो अर्थ भगवंताला अभिप्रेत असेल असं मला तरी वाटत नाही.

कारण त्याच गीतेत तिसऱ्या अध्यायाचा १३ वा श्लोक आहे. जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, इतके कडक शब्द आहेत तिथं. १७ वा अध्याय विचारतो, तुला काय आवडतं? तिसरा अध्याय विचारतो, कोणासाठी शिजवलंस? दोन्ही प्रश्न सोबत धरले तरच ताट पूर्ण होतं. शुद्ध तुपातलं, सेंद्रिय, सगळं मोजून-मापून केलेलं जेवणही कोणाशी वाटून न घेता, उलट दुसऱ्याला हिणवत खाल्लं, तर ते दुसऱ्या परीक्षेत नापास आहे.

आमच्याकडं रोडग्याचं जेवण असतं. वावरात किंवा देवळापाशी गवऱ्या पेटवायच्या, विस्तवात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यावर तूप आणि सोबत वरण, वांग्याची भाजी. एकट्यासाठी कोणी रोडगे करत नाही, विस्तवच तेवढा लागतो. शेगावची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते तेव्हा वाटेवरची गावंही अशीच रांधतात. पंगतीत शेजारी कोण बसलाय, घरी तो काय खातो, हे कोणी विचारत नाही.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू आधी अन्नाला ब्रह्म म्हणून ओळखतो. मग प्राण, मन, विज्ञान करत करत आनंदापर्यंत पोचतो. वाटतं की आता अन्न मागे पडलं. पण आनंद गाठल्यावर उपनिषद परत अन्नावरच येतं आणि व्रतं सांगतं: अन्नाची निंदा करू नकोस, अन्न झिडकारू नकोस, अन्न भरपूर निर्माण कर, दारी आलेल्याला परत पाठवू नकोस. सगळ्यात वर पोचलेल्याला सुद्धा हेच पाळायचंय.

कोणी म्हणेल, मग काहीही खावं का? नाही. शिळ्यानं पोट बिघडतं, अति तिखटानं जळजळतं, गीता तिथं शंभर टक्के बरोबर आहे. महाराजांची नक्कल म्हणून कोणी उष्टं खायची गरज नाही. त्यांना शितं आणि पक्वान्नं सारखीच होती, आपल्याला नाहीत. म्हणूनच आपल्याला नियम लागतात, आणि ते जरूर पाळावेत. फक्त नियम नम्रपणे सांगता येतो. ‘आई, माझ्यासाठी कांदा टाकायच्या आधी थोडं पिठलं बाजूला काढशील?’ एवढंच म्हणायचं आणि तिच्या शेजारी बसून जेवायचं.

श्रीगजाननविजय ग्रंथात भाऊ कवरांची गोष्ट आहे. वहिनीनं करून दिलेली भाकरी, अंबाडी, कांदा, मिरच्या घेऊन ते निघाले आणि गाडी चुकली. इकडे इतरांचे नैवेद्य आले तरी महाराज जेवले नाहीत. भाऊ पुढच्या गाडीनं पोचले, तेव्हा ती भाकरी त्यांनी घेतली. महाराजांनी वाट पाहिली ती आणणाऱ्याच्या भावासाठी.

आजचा संकल्प: दिवसभरात कोणाच्याही ताटावर मनातसुद्धा शेरा मारायचा नाही. आणि एका माणसाला, वॉचमन काका असतील, पार्सल आणणारा दादा असेल, खरंच थांबून विचारायचं, ‘जेवलात का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर पुढं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.

जय गजानन 🙏 उद्या १७ व्या अध्यायातलाच पुढचा भाग, यज्ञ.