उसने पुस्तक: दान की उत्सर्ग?

स्वयंसेवी संस्थांसाठी चालणाऱ्या विशेष ग्रंथालयातून पुस्तक नेले जाते, कामाला लावले जाते आणि मुदतीत परत येते. ग्रंथालये या व्यवहाराला देवघेव म्हणतात. धर्मविचारात त्याची जागा कोणती, हे मात्र सहज ठरत नाही. पुस्तक देणे म्हणजे विद्यादान, असे म्हणण्याची रीत आहे. पण जे परत मागितले जाते ते दान कसे?

दानाची धर्मशास्त्रातली व्याख्या काटेकोर आहे. देणाऱ्याने वस्तूवरचे आपले स्वामित्व सोडावे आणि घेणाऱ्याचे स्वामित्व तिच्यावर उत्पन्न व्हावे. ही दोन्ही अंगे झाली की दान पुरे होते. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ सिद्ध केला. त्याच्या दानखंडात विद्यादानाचे विवेचन आहे आणि पोथी लिहवून घेऊन अर्पण करण्याचा विधीही त्यात येतो. ती पोथी दिली जाते ती कायमची. उसने दिलेले पुस्तक या व्याख्येत बसत नाही, कारण स्वामित्व जागचे हलतच नाही.

दानाशेजारी शास्त्राने दुसरी कल्पना ठेवली आहे, ती उत्सर्गाची. विहीर, तळे, आमराई लोकांसाठी सोडून देणे हा उत्सर्ग. यात स्वामित्व सुटते, पण कोणा एकाकडे जात नाही. म्हणून तळे बांधणाऱ्याने त्या तळ्याचे पाणी प्यायला हरकत नाही, असे बहुतेक निबंधकारांचे मत असल्याचे पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’मध्ये नोंदवले आहे. ग्रंथालय या जातीचे आहे. पुस्तके भेट देणारी संस्था उद्या सभासद होऊन तेच पुस्तक नेऊ शकते, आणि दिलेले परत घेतल्याचा दोष तिला लागत नाही. मुदतीची अटही मग कद्रूपणाची उरत नाही: तळ्यावरून घागर भरून न्यायची असते, तळे नाही.

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या गावात या फरकाला व्यावहारिक वजन येते. एखादे मंडळ 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदले गेले, की विश्वस्त बदलल्यावर बदल अर्ज, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि ठरावांची वही असे सगळे मागे लागते. हे दप्तर धर्मादाय कार्यालयाकडे जाते. त्या नावातच धर्म आहे, हे रोजच्या वापरात विसरले जाते. यासाठी लागणारी कायद्याची आणि हिशेबाची पुस्तके महाग असतात आणि वर्षातून दोन-तीन आठवडेच उघडली जातात. ती प्रत्येक मंडळाने विकत घेऊन कपाटात ठेवणे म्हणजे लोकांची वर्गणी कपाटात कोंडणे. अपरिग्रह हे व्यक्तीचे व्रत मानले जाते. ते संस्थेलाही तितकेच लागू पडायला हवे.

सेवेला अभ्यासाची जोड हवी, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 12 जून 1905 रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान मिळावे हा हेतू उघड सांगितला. नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी होती, आणि तिच्यात अभ्यासाला मोठे स्थान होते. समाजाचा ग्रंथसंग्रह याच गरजेतून वाढला. 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेलाही पुढे त्याचाच आधार मिळाला. ज्याने दारिद्र्यावर बोलायचे, त्याने आधी शेतसाऱ्याचे आणि मजुरीचे आकडे वाचलेले असावेत, ही त्यामागची धारणा. अज्ञानाने केलेली सेवा ज्याची करायची त्यालाच भोवते, हे ध्यानात घेतले तर अशा अभ्यासाला साधनेचा दर्जा द्यावा लागतो. समाजाचे सभासद ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. तिने कामगार वस्त्यांपर्यंत फिरती ग्रंथालये नेली. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. पुण्या-मुंबईच्या संग्रहापासून दूर असलेल्या आष्टीला आजही पेटीचीच पद्धत सोयीची.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. उत्सर्ग सर्वांसाठी असतो. मग केवळ संस्थांपुरते दार उघडणारे ग्रंथालय उत्सर्ग कसे? मराठीला याचा जुना अनुभव आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. त्यामुळे पोथ्या जपल्या गेल्या, हे खरेच. पण मराठीचे आद्य गद्य विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुसंख्य मराठी वाचकांना बंद राहिले. राखणे आणि रोखणे यांत अंतर थोडे असते. विशेष ग्रंथालयाची मर्यादा समर्थनीय ठरते ती कामाच्या गरजेवर, जन्मावर किंवा दीक्षेवर नाही. त्याच कारणाने तिला मोकळीकही हवी: नोंदणी नसलेल्या बचत गटातली बाई कर्जाच्या हिशेबाचे पुस्तक मागायला आली, तर नोंदणी क्रमांक विचारून तिला परत पाठवणे ग्रंथालयाच्या हेतूलाच छेद देते.

पुस्तक परत केले की ग्रंथालयाचे देणे फिटते. तैत्तिरीय संहितेत सांगितलेल्या तीन ऋणांपैकी ऋषिऋण मात्र तेवढ्याने फिटत नाही. ते अध्ययनाने फेडायचे असते. कार्यकर्त्यांच्या बाबतीत अध्ययनाच्या जोडीला आपला अनुभव लिहून ठेवणेही येते. जालना जिल्ह्यातच कडवंची आहे. 1990 च्या दशकात तिथे पाणलोटाचे काम झाले आणि पुढे शेततळी व द्राक्षबागा वाढल्या. अशा गावाच्या कामाचा अहवाल पेटीतून आष्टीला यावा, आणि पेटी परत जाताना त्यात आष्टीच्या विहिरींच्या पाणीपातळीची, फसलेल्या बांधांसकट केलेली नोंदवहीही असावी.